सलीमभाईने हात न लावलेला लॅपटॉप

काळ्या स्क्रीनवर एकच पांढरी ओळ आली होती. ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड. मी लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. तीच ओळ. समोरच्या खुर्चीत शेवंताबाई बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही कानांमागे नव्या मशीन होत्या आणि त्यांच्या वायरी माझ्या टेबलावरच्या डब्बीत गेल्या होत्या. त्या मान न हलवता बसल्या होत्या, कारण मीच तसं सांगितलं होतं.

"झालं का जी?" त्यांचे यजमान मारोतीभाऊ दारातून विचारत होते.

"होतंय. थोडा दम धरा."

ही गोष्ट धानोऱ्याची आहे, काही वर्षांपूर्वीची. तिथल्या एका शाळेच्या वर्गात मी दर महिन्याला कानतपासणीचं शिबिर घ्यायचो. मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कान किती ऐकतो ते मोजायचं आणि कमी ऐकणाऱ्याला श्रवणयंत्र लावून द्यायचं. लोक मला डॉक्टर म्हणत, मी डॉक्टर नाही. गडचिरोलीत माझं छोटं क्लिनिक होतं. आता वय झालं, ते बंद केलं आहे. पण या एका प्रसंगाबद्दल मी त्या वेळी जे बोललो ते गावात तसंच राहिलं. ते खरं नव्हतं. ते दुरुस्त करायला मी फार वर्षं लावली.

आधी मशीनचं थोडं सांगतो. कानामागची मशीन डब्यातून काढून कानाला लावली म्हणजे काम झालं असं नसतं. प्रत्येकाचं ऐकू न येणं वेगळं असतं. शेवंताबाईंना पुरुषांचं बोलणं, मोटरपंपाचा आवाज ठीक ऐकू यायचा. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेले होते. मशीनने सगळंच सारखं मोठं केलं तर पंपाचा आवाज डोक्यात घण घालतो आणि लहान मुलाचं रडणं तरी ऐकू येत नाही. म्हणून मशीन लॅपटॉपला जोडून कुठला आवाज किती वाढवायचा ते त्यात भरावं लागतं. चष्म्याला नंबर असतो तसंच. बिननंबरी चष्मा घालून कुणी वाचू शकत नाही.

माझा लॅपटॉप जुना होता. मुद्दामच जुना ठेवला होता. मशीन जोडायच्या त्या डब्बीला नऊ पिनांचं पोर्ट लागायचं आणि नव्या लॅपटॉपांना ते येतच नाही. बॅटरी मात्र पार थकली होती. एकदा सुरू करायचा म्हटलं की विंडोज उघडेपर्यंतच तिचा अर्धा जीव जायचा. आणि शाळेत लाइट असेलच असं नाही.

शेवंताबाई त्यांच्या गावच्या अंगणवाडीसेविका. मारोतीभाऊ ढिवर, गावच्या तलावात मासे धरायचे आणि चार महिने धानाची मजुरी करायचे. त्या पावसाळ्यात अंगणवाडीतलं एक पोरगं मागच्या कुंपणाच्या तारेत पाय अडकून रडत राहिलं. आत शेवंताबाई खिचडी वाढत होत्या. त्यांना ऐकू आलं नाही. रस्त्यावरच्या बायकांनी येऊन सोडवलं. पायाला टाके पडले. मग तक्रार झाली. सुपरवायझर मॅडम येऊन सांगून गेल्या की सोमवारी परत येते, तोवर कानाचं काहीतरी करा, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल.

त्या दिवशी शुक्रवार होता.

"मॅडम चांगल्या हायत जी," मारोतीभाऊ मला सकाळीच म्हणाले होते. "पण पोट्ट्याचे मायबाप पिछा सोडून नाई राह्यले. त्याईचंही बरोबर हाय. माझा पोट्टा असता तं मीही बोंबललोच असतो."

हे त्यांनी माझी पिशवी गाडीवरून उतरवताना सांगितलं होतं. माझ्या मोटरसायकलच्या मागे लॅपटॉपची पिशवी बांधलेली असायची. ती उचलताना ते आणखी एक वाक्य बोलले होते. "पिशवी लय गरम लागून राह्यली साहेब. भाकरी आणली का काय?" मी हसलो होतो.

ते वाक्य लक्षात ठेवा.

आता काळी स्क्रीन समोर होती आणि रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. शाळेचे हेडमास्तर वर्गात आले. माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या वडिलांना मशीन मीच लावली होती.

"काय झालं सर?"

"हार्ड डिस्क गेली वाटतं."

"अशी कशी गेली?"

मी काही विचार केला नाही. तोंडातून सरळ आलं. "दहा दिवसांपूर्वी त्या सलीमकडे साफ करायला दिला होता. त्यानेच काहीतरी करून ठेवलं. हात लावला की बिघडवतात हे लोक."

'हे लोक' म्हणताना मला दुकानदार म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं कोण जाणे. मी सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणालो. कमी ऐकणाऱ्यांच्या शिबिरात बोलायची सवयच मोठ्याने.

"सलीम? आमच्या शाळेचे कॉम्प्युटर तोच बघतो," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

मी शेवंताबाईंच्या कानांमागून मशीन काढल्या. पाटीवर लिहून दाखवलं, रविवारी गडचिरोलीला या. त्यांनी वाचलं, मारोतीभाऊंकडे पाहिलं आणि मान हलवली. काही विचारलं नाही. बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकणाऱ्या माणसांना विचारायची सवय राहत नाही. उत्तर समजणार नाही हे त्यांना माहीत असतं.

सलीमभाईचं दुकान गडचिरोलीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, तो कॉम्प्युटर. बोलायला एक नंबर. गिऱ्हाईक गेलं तरी त्याचं वाक्य संपलेलं नसायचं.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप त्याच्या काउंटरवर आपटलाच म्हणा.

"काय केलं तू याला?"

सलीमभाईने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सलाम नाई, नमस्कार नाई. बसा साहेब आधी. चहा सांगतो."

"चहा नको. हार्ड डिस्क गेली. तुझ्याकडून नेल्यावर दहा दिवसांत गेली."

"मी फॅन साफ केला. आतून तापू नये म्हणून पेस्ट लावली. डिस्कचं झाकण तं खोललंच नाई."

"मग आपोआप गेली?"

सलीमभाईने चार्जर लावला. लॅपटॉप चालू केला, खाली वाकला आणि त्याला कान लावला. आतून आवाज येत होता. टक्. थांबून टक्. परत टक्.

खरं तर तो आवाज मी दोन आठवड्यांपासून ऐकत होतो. ऐकण्याचाच धंदा माझा. पण चालतंय तोवर चालू द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकडी असते. ती जोरात फिरते. तिच्यावर एक बारीक सुई तरंगते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर. तबकडी फिरत असताना धक्का बसला की सुई तबकडीला घासते. घासली तिथलं लिहिलेलं गेलं. मग सुई वाचायला जाते, सापडत नाही, परत येते, परत जाते. तोच हा टक् आवाज.

सलीमभाईने मान वर केली. "साहेब, एक विचारू? गाडीवर नेता तवा बंद करून नेता ना?"

"हो. बंदच असतो."

खोटं. एका क्षणात बोललो आणि अगदी शांतपणे बोललो. बॅटरी वाचावी म्हणून मी क्लिनिकमध्येच, चार्जर लावून, लॅपटॉप सुरू करायचो. झाकण मिटलं तरी चालू राहावा अशी सेटिंग मीच करून ठेवली होती. मग तसाच पिशवीत घालून मोटरसायकलला बांधायचो आणि धानोऱ्याचा रस्ता धरायचो. तो रस्ता तेव्हा कसा होता ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. आपल्या भागात लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी काढलेली ही युक्ती होती. मला तिचा अभिमानही होता. सलीमने विचारलं त्या क्षणी मला कळलं की डिस्क मीच मारली. आणि कळल्यावरही मी "हो" म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हात काउंटरखाली घेतले. "तं मी हिला हात नाई लावत."

"म्हणजे?"

"काल धानोऱ्याहून फोन आला मले. तुम्ही काय बोलले ते कळलं. आज मी डिस्क बदलवली आणि उद्या कीबोर्डाचं बटन निघालं, तरी सलीमच. त्यापेक्षा तुम्हीच खोला. मी सांगतो. तुमच्या हातानं झालं म्हणजे नाव घ्यायची गरज नाई."

"मला जमणार आहे का हे?"

"कानाच्या मशीनचे स्क्रू खोलता ना? ते ह्याच्या निम्मे असतात. काऊन नाई जमणार?"

मी रागाने निघणारच होतो. पण सोमवार डोळ्यापुढे आला. त्या नऊ पिनांच्या पोर्टाचा लॅपटॉप दुसऱ्या कुणाकडे नव्हता, निदान दोन दिवसांत मिळेल असा नव्हता. मी बसलो. त्याला शेवंताबाईंबद्दल सांगितलं. तार, पोराचा पाय, मॅडम, सगळं.

तो ऐकत होता. पहिल्यांदाच मध्ये बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मग बसा. वेळ नका घालवू."

त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवला आणि स्वतः हाताची घडी घालून समोर बसला.

"चार्जर काढा. बॅटरी काढा. आता बटन दाबून धरा, आतला करंट जाऊ द्या. लॅपटॉप पालथा करा. कागदावर नाई जी, कपड्यावर! स्क्रीनवर चरे पडतील."

खालच्या बाजूला एक छोटं झाकण होतं. त्याचे स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले. झाकण निघालं. आत डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसलेली, वर प्लॅस्टिकची एक पट्टी. मी पट्टी धरून वर ओढली.

"अरे अरे अरे! वर नाई, बाजूले! बाजूले सरकवा! पिना तुटल्या तं मदरबोर्ड गेला!"

हे बोलताना तो अर्धा उठला होता, दोन्ही हात लॅपटॉपवर आलेले. मध्येच त्याला आपलं बोलणं आठवलं. हात तसेच हवेत राहिले, मग त्याने ते मागे घेतले आणि काखेत दाबून धरले. पायरीवर उभं असलेलं गिऱ्हाईक हसायला लागलं.

"सलीमभाई, काय झालं हाताले? मेंदी लावली का?"

"तू गप रे. ऑपरेशन सुरू आहे."

मलाही हसू आलं. मी पट्टी धरून बाजूला सरकवली. डिस्क पिनांतून सुटून अलगद हातात आली. चौकटीचे स्क्रू काढले. जुनी डिस्क टेबलावर ठेवली. वजनदार, थंड. तिच्यात माझ्या पेशंटांच्या कित्येक वर्षांच्या तपासण्या होत्या.

"आता नवीन दे."

सलीमभाईने मागच्या फळीवरून एक खोका काढला. तशीच हार्ड डिस्क होती. त्याने तो खोका हातात घेतला, पाहिला आणि परत ठेवला. मग दुसरा खोका काढला, लहान, हलका.

"हे लावा. एसएसडी. थोडी महाग आहे, पण मी तुमच्याकडून फरक नाई घेत."

"फरक काऊन नाही घेत? आणि हीच कशाला?"

तो बशीतले स्क्रू बोटाने गोल लावत बोलला. माझ्याकडे बघत नव्हता. "ह्याच्यात फिरणारं काईच नाई साहेब. तबकडी नाई, सुई नाई. चालू ठेवून गाडीवर बांधली, धानोऱ्याले काय, पार भामरागडले नेली तरी काई होत नाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर वर केली नाही. त्याला माहीत होतं. टक् ऐकला तेव्हाच कळलं असणार. त्याने मला आणखी खोटं बोलायची संधी दिली नाही आणि खरं बोलायला भागही पाडलं नाही. फक्त माझी खोड सुटणार नाही हे धरून त्या खोडीला टिकेल अशी वस्तू काढून दिली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी स्क्रू लावत बसलो.

नवी डिस्क बसली, झाकण बसलं. बशीत एक स्क्रू उरला. "राहू द्या," सलीमभाई म्हणाला, "मी खोलतो तवाही एक उरतो." त्यानंतर आमचं खरं भांडण झालं. त्याला नवं विंडोज टाकायचं होतं.

"जुनं काऊन टाकता? जग कुठी गेलं अन् तुम्ही कुठी!"

"माझं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. डब्बीही ओळखणार नाही."

"चालवून तं पाहू."

पाहिलं. डब्बी ओळखली नाही. संध्याकाळ झाली होती. पुसून जुनं टाकलं. सॉफ्टवेअरची सीडी माझ्या कपाटात होती. पेशंटची माहिती एका पेन ड्राइव्हवर कधीतरी घेऊन ठेवली होती, पण ती बरीच जुनी. त्यानंतरची गेली ती गेलीच. शेवंताबाईंची तपासणीही गेली होती. ती परत करावी लागणार होती.

रविवारी सकाळी क्लिनिकमध्ये लाइट नव्हती. सलीमभाईकडे इन्व्हर्टर होता. मग शिबिर त्याच्या दुकानात भरलं. त्याने अर्धं शटर खाली ओढलं, गल्लीतल्या पोरांना ओरडून लांब पाठवलं आणि स्वतःचं तोंड बंद ठेवलं. शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं असणार.

शेवंताबाईंची तपासणी परत केली. मशीन जोडल्या. लॅपटॉपवर त्यांच्या कानाचा आलेख आला आणि मी एकेक आवाज वाढवत गेलो. मारोतीभाऊ शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी सहज लॅपटॉपवर हात ठेवला.

"आज थंडा हाय जी हा. त्या दिवशी गाडीवरून उतरवला तवा कसा भाकरीसारखा गरम होता!"

माझा हात माउसवर थांबला. सलीमभाई समोर होता. आता तो म्हणू शकत होता. गाडीवर बंद असलेला लॅपटॉप गरम कसा होतो, साहेब? एवढं विचारलं असतं तर संपलं होतं. त्याचा हक्कच होता. मी त्याचं नाव भर वर्गात घेतलं होतं.

तो मारोतीभाऊंना म्हणाला, "जुना लॅपटॉप आहे भाऊ. उन्हानं तापते. साहेब काय करतील त्याले."

बस, इतकंच. माझ्या पेशंटसमोर माझी लाज त्याने राखली. ज्या बाईला मशीन लावून मला तिचा विश्वास हवा होता, तिच्यासमोर.

मी मशीन चालू केल्या.

शेवंताबाईंनी आधी डोळे मिटले. मग उघडले. गल्लीत कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली. त्यांनी मान तिकडे वळवली. मारोतीभाऊंनी हळू आवाजात हाक मारली, "शेवंता."

"ओरडता काऊन?" त्या म्हणाल्या.

मारोतीभाऊ आमच्याकडे वळले. "झालं. आता माझं काई खरं नाई. इतकी वर्षं मनातलं मोठ्यानं बोलून घेत होतो जी मी!"

सलीमभाई इतक्या जोरात हसला की शेवंताबाईंनी दोन्ही कान दाबले. मी लॅपटॉपवर आवाज दोन खुणा खाली आणला. त्यांनी हात काढले आणि त्याही हसल्या.

सोमवारी मॅडम आल्या. शेवंताबाई आत पोरांचे हात धुऊन देत होत्या. मॅडमनी बाहेर उभं राहून साध्या आवाजात नाव घेतलं. त्या बाहेर आल्या. मॅडमनी परत आत जायला सांगितलं, पाठ फिरवली आणि पुन्हा हाक मारली. त्या पुन्हा आल्या. मारोतीभाऊंनी फोन करून सांगितलं की तिसऱ्या वेळी शेवंता म्हणाली, मॅडम, पोट्टे खिचडीची वाट पाहून राह्यले, एकदाच काय ते सांगा. काम राहिलं. आजही त्याच अंगणवाडीत आहेत. तारेत अडकलेलं पोरगं त्यांच्याकडेच शिकून मोठ्या शाळेत गेलं.

लॅपटॉपचं काम त्या दिवशी संपलं. माझं नाही संपलं. हेडमास्तरांनी त्या वर्षी शाळेच्या कॉम्प्युटरचं काम दुसऱ्या माणसाला दिलं. मला भेटले तेव्हा सांगितलंही. "तुम्ही सावध केलं ते बरं झालं सर." तेव्हाही मी बोललो नाही. सलीमभाई मला त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. पुढे कितीदा तरी मी लॅपटॉप घेऊन गेलो. दरवेळी तो स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवायचा, हाताची घडी घालायचा आणि म्हणायचा, "चला डॉक्टर, ऑपरेशन." आमची गंमतच झाली होती ती. पण त्या गमतीत काय आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

क्लिनिक बंद केल्यावर मी धानोऱ्याला गेलो. हेडमास्तर आता रिटायर झालेत. त्यांच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. "हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. वर्गात त्या दिवशी रांगेत बसलेल्या सगळ्यांना मी गाठू शकत नाही. म्हणून हे लिहितो आहे. लॅपटॉप सलीमभाईने बिघडवला नव्हता. मी चालू ठेवून मोटरसायकलला बांधत होतो. दुरुस्त माझ्या हाताने झाला, पण त्याच्या सांगण्यावरून. आणि शेवंताबाईंच्या सोमवारचं श्रेय लोक मला देतात, त्यातलं अर्ध्याहून जास्त त्याचं आहे.

जुन्या लॅपटॉपवाल्यांना माझं सांगणं एवढंच. आत फिरणारी डिस्क असेल तर पूर्ण बंद करून मगच गाडीवर ठेवा. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. आणि आतून टक् आवाज येत असेल तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

हे लिहून झाल्यावर त्याच लॅपटॉपवर उघडून मी सलीमभाईला वाचून दाखवलं. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा चष्मा पुसला. मी विचारलं, काही बदलायचं आहे का?

"बदलायचं काई नाई," तो म्हणाला. "बॅकअप घेतला का ह्याचा?"

"नाही."

त्याने ड्रॉवर उघडला, पेन ड्राइव्ह काढला आणि या वेळी माझ्याकडे न सरकवता स्वतःच्या हाताने लॅपटॉपला लावला.